इन्कॉग्निटोमध्ये काम करूनही आधीच्या गिऱ्हाइकाचं खातं उघडं दिसतं: काउंटरवर नक्की काय करायचं?

काउंटर_डिचोली

डिचोली बाजारात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तीन संगणक, तिन्हींवर विंडोज ११ आणि क्रोम. गोवा ऑनलाइनवरचे दाखल्यांचे अर्ज, एक-चौदाचे (जमिनीचे) उतारे, आधारची पीडीएफ, निकालाच्या दिवसांत मार्कशीट अशी कामं. काही गिऱ्हाइकं स्वतः बसून करतात, काहींचं आमचा मुलगा करून देतो. गिऱ्हाइकाचं काम इन्कॉग्निटोतच (क्रोमच्या खासगी विंडोत) करायचं, असा दुकानाचा नियम आहे. तरी चार अडचणी येतात:

एक, नवी इन्कॉग्निटो विंडो उघडली तरी एका पोर्टलवर आधीच्या माणसाचं नाव दिसतं. दोन, ईमेलच्या रकान्यात टिचकी मारली की दुकानाचे पत्ते आणि पासवर्ड सुचवले जातात. तीन, मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) इन्कॉग्निटोत गायब होतं. चार, फी भरून परत आलं की पोर्टल पुन्हा लॉगिन मागतं.

इन्कॉग्निटो बिघडलंय, की आमचीच पद्धत चुकते?

फोंडा_सिस्टिम्स

बिघडलेलं काही नाही. चारही गोष्टी इन्कॉग्निटो जसं बनवलंय तशाच घडताहेत.

पहिली अडचण सर्वांत महत्त्वाची. क्रोममध्ये एकाच वेळी उघड्या असलेल्या सगळ्या इन्कॉग्निटो विंडोंची कुकीची, म्हणजे लॉगिन ओळखायला साइट ब्राउझरात ठेवते त्या छोट्या नोंदींची, बरणी एकच असते. कंट्रोल+शिफ्ट+एन दाबून दुसरी विंडो उघडली म्हणजे नवं कोरं सत्र सुरू झालं असं होत नाही. पहिली विंडो खाली टास्कबारवर मिनिमाइझ होऊन पडली असेल, तर तिच्यातलं लॉगिन दुसरीतही चालू राहतं. शेवटची इन्कॉग्निटो विंडो बंद होते तेव्हाच बरणी रिकामी होते. म्हणून काम झाल्यावर टॅब किंवा समोरची एक विंडो बंद करून भागत नाही. वर उजवीकडे टोपी-चष्म्याचं चिन्ह असतं, एकाहून जास्त विंडो उघड्या असल्या की त्याच्याशेजारी आकडा येतो. त्यावर क्लिक केल्यावर सगळ्या इन्कॉग्निटो विंडो एकदम बंद करायचा पर्याय मिळतो. मुलाला तोच वापरायची सवय लावा. फायरफॉक्समध्येही सगळ्या खासगी विंडोंचं सत्र एकच. सफारीत मात्र खासगी मोडमधला प्रत्येक टॅब वेगळा धरला जातो, त्यामुळे ॲपलवर पाहिलेलं विंडोजवर तसंच होईल असं समजू नका.

आणि विंडो बंद करण्याआधी लॉगआउट. विंडो बंद झाली की या संगणकावरची कुकी जाते, पण समोरच्या सर्व्हरच्या लेखी ते सत्र मुदत संपेपर्यंत चालूच असतं. व्हॉट्सॲप वेबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं: विंडो बंद केली तरी गिऱ्हाइकाच्या फोनवर 'लिंक केलेली उपकरणे' या यादीत तुमचा संगणक तसाच असतो. तिथूनही काढायला सांगा.

दुसरी अडचण. इन्कॉग्निटो आपणहून नवं काही साठवत नाही, पण ज्या प्रोफाइलमधून ते उघडलं त्या प्रोफाइलचे जुने बुकमार्क, साठवलेले पासवर्ड आणि ऑटोफिलचे पत्ते त्यात दिसतात. दुकानाच्या जीमेलने क्रोममध्ये साइन-इन केलेलं असेल, तर दुकानाचे पासवर्ड गिऱ्हाइकासमोर उघडे पडतात. उलटही होतं. मुलाने घाईत साध्या विंडोत गिऱ्हाइकाचं लॉगिन करून 'सेव्ह' दाबलं, तर तो पासवर्ड दुकानाच्या गूगल खात्यात जातो आणि सिंक चालू असेल तर घरच्या फोनवरही पोचतो. आजच क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये जाऊन गिऱ्हाइकांच्या नावाचं काही साठलंय का ते पाहा.

तिसरी: एक्स्टेन्शनं इन्कॉग्निटोत आपणहून चालत नाहीत, कारण एक्स्टेन्शन पानावरचा मजकूर वाचू शकतं. एक्स्टेन्शनच्या यादीत त्याच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'अलाऊ इन इन्कॉग्निटो' चालू केलं की दिसू लागेल. पण माझं मत, करू नका. विंडोजचा स्वतःचा मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो घाला: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, मराठी जोडा, मग त्याच्या ऑप्शन्समधून फोनेटिक कीबोर्ड. विंडोजची कळ+स्पेस दाबून भाषा बदलते. कुठल्याही ब्राउझरात आणि कुठल्याही मोडमध्ये चालतो.

चौथी: इन्कॉग्निटो त्रयस्थ कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच साइटने ठेवलेली कुकी, मुळातच अडवतं. पोर्टलवरून पेमेंट गेटवेवर जाऊन परत येताना काही साइट्सचं लॉगिन त्याच कुकीवर टिकून असतं. ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चिन्ह येतं, तिथून तेवढ्या साइटपुरती त्रयस्थ कुकीला परवानगी द्या. ती फी भरायला सुरुवात करण्यापूर्वी द्या. पैसे कापल्यावर दिलीत तर पान रिलोड होतं आणि पावती हुकते.

एक जादा सूचना: अर्ज क्रमांक किंवा चलन क्रमांक स्क्रीनवर आला की लगेच कागदावर लिहून घ्या. क्रोमच्या इन्कॉग्निटोत चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल+शिफ्ट+टी दाबून परत येत नाही, आणि हिस्ट्रीत शोधायला हिस्ट्रीच नसते.

सत्तरी_वाळपई

फोंडा_सिस्टिम्स बाबांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण दुसऱ्याच्या हाती संगणक द्यायचा असेल तर इन्कॉग्निटो हे मुळात चुकीचं हत्यार आहे. ते आपल्याच संगणकावर आपली हिस्ट्री राहू नये यासाठी असतं. परक्या माणसासाठी क्रोममध्ये गेस्ट मोड आहे.

फरक एवढाच: गेस्टमध्ये दुकानाचे बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत, ऑटोफिल नाही, एक्स्टेन्शन नाही, सेटिंग्जही बहुतेक बदलता येत नाहीत. विंडो बंद केली की हिस्ट्री आणि कुकी जातात. वर उजवीकडे प्रोफाइलच्या गोल चित्रावर क्लिक केलं की यादीच्या तळाशी गेस्टचा पर्याय असतो. मात्र इथेही सगळ्या गेस्ट विंडो बंद केल्याशिवाय सत्र संपत नाही, हे वर सांगितल्यासारखंच.

डेस्कटॉपवर वेगळा शॉर्टकट करून ठेवा. क्रोमच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'च्या चौकटीत शेवटी जाऊन एक स्पेस, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून इंग्रजीत गेस्ट. शॉर्टकटचं नाव 'गिऱ्हाईक' ठेवा, आयकॉनही बदला, म्हणजे मुलगा सवयीने नेहमीच्या क्रोमवर क्लिक करणार नाही.

फायरफॉक्स ठेवायचा असेल तर सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये हिस्ट्रीखाली 'नेव्हर रिमेंबर हिस्ट्री' निवडा. ब्राउझर रिस्टार्ट होतो आणि तिथून पुढे प्रत्येक विंडो खासगीच असते. तेव्हा जांभळा मुखवटा दिसत नाही, म्हणून सेटिंग लागलं नाही असं समजून पुन्हा बदलू नका.

म्हापसा_हार्डवेअर

सगळे ब्राउझरवरच बोलताहेत. झेरॉक्सच्या दुकानात गळती ब्राउझरच्या बाहेर जास्त असते. एकेक बघा.

डाउनलोड. इन्कॉग्निटो असो की गेस्ट, डाउनलोडची यादी पुसली जाते, फाइल जागच्या जागी राहते. आधारची पीडीएफ डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून असते आणि तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. नाव फाइलमध्ये नसलं तरी ते ओळखीच्या गावात कोणाला ठाऊक नसतं? त्या पासवर्डावर विसंबू नका. गिऱ्हाईक उठलं की फाइल शिफ्ट+डिलीट. नुसत्या डिलीटने ती रिसायकल बिनमध्ये जाते.

विसरभोळेपणावर उपाय म्हणून स्टोरेज सेन्स लावा: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, स्टोरेज सेन्स. डाउनलोड्समधली फाइल १ दिवस उघडली नाही तर पुसायची, हा त्यातला सर्वांत कमी मुदतीचा पर्याय. तो मुळात बंद असतो. दुकानाच्या कामाच्या फाइल्स त्याच फोल्डरात ठेवत असाल तर आधी हलवा, नाहीतर त्याही जातील.

छपाई. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, साध्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये नव्हे, ॲडव्हान्स्ड टॅबवर 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' अशी खूण असते. एकच पान परत परत छापायला सोपं जावं म्हणून कोणीतरी ती लावून ठेवतो आणि मग छापलेलं प्रत्येक काम रांगेत साठून राहतं. प्रिंटरच्या रांगेची विंडो उघडली की पन्नास माणसांच्या कागदांची नावं समोर, आणि क्लिक केलं की पुन्हा छापली जातात. ती खूण काढा.

स्कॅन. स्कॅनरचं सॉफ्टवेअर बहुधा डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्समध्ये स्वतःचा फोल्डर करतं. वर्षभराची रेशनकार्डं तिथे सापडतील.

अलीकडच्या फाइल्स. फाइल पुसली तरी तिचं नाव स्टार्ट मेनूत, फाइल एक्सप्लोररच्या होम पानावर आणि पीडीएफ रीडरच्या यादीत दिसत राहतं. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट इथे अलीकडे उघडलेल्या गोष्टी दाखवायचा पर्याय बंद करा. पीडीएफ रीडरची यादी त्याच्याच सेटिंगमधून वेगळी बंद करावी लागते.

क्लिपबोर्ड. विंडोजची कळ+व्ही दाबून पाहा. हिस्ट्री चालू असेल तर कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे असू शकतात: आधार क्रमांक, खाते क्रमांक, कोणीतरी वर्डमधून उचललेला पासवर्ड. सेटिंग्ज, सिस्टिम, क्लिपबोर्डमधून ती बंदच करा. काउंटरवर तिचा फायद्यापेक्षा धोका मोठा.

आणि या सगळ्यांपेक्षा मोठं भगदाड म्हणजे दुकानाचं व्हॉट्सॲप. 'दादा, कागद तुमच्या नंबरावर टाकलाय, प्रिंट काढा' हे दिवसभर चालतं. ते फोटो फोनच्या गॅलरीत, बॅकअपात आणि संगणकावरच्या व्हॉट्सॲपमध्ये, तिन्ही ठिकाणी जातात. दुकानाच्या नंबरावर नव्या चॅटसाठी २४ तासांचे डिसअपिअरिंग मेसेज लावा, मीडिया गॅलरीत दिसणं बंद करा, ऑटो-डाउनलोड बंद करा. इन्कॉग्निटोची काळजी त्यानंतर.

पणजी_लॉग

कायद्याची बाजू कोणी काढली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात सायबर कॅफेची व्याख्या रुंद आहे: नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून लोकांना इंटरनेट वापरायला देणारी कुठलीही जागा. गिऱ्हाईक स्वतः बसून वापरत असेल तर पाटीवर 'झेरॉक्स' लिहिलंय म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार वापरणाऱ्याची ओळख पटवायची, नाव, पत्ता, संगणक क्रमांक, आत-बाहेरच्या वेळा नोंदवहीत लिहायच्या आणि ती नोंद किमान एक वर्ष ठेवायची. पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास आणि प्रॉक्सी सर्व्हर (इंटरनेटची सगळी ये-जा ज्यातून होते असा मधला संगणक) असेल तर त्याचे लॉगही एक वर्ष. आडोसे केले असतील तर साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत.

मग एकीकडे इन्कॉग्निटो आणि दुसरीकडे इतिहास ठेवायची सक्ती, हे जुळायचं कसं? ब्राउझरच्या हिस्ट्रीवर मदार ठेवायची नाही. संकेतस्थळांची नोंद राउटरच्या किंवा प्रॉक्सीच्या पातळीवर घ्यायची, तिथे डोमेनचं (संकेतस्थळाचं) नाव आणि वेळ मिळते, पानातला मजकूर किंवा पासवर्ड नाही. गिऱ्हाइकाची गोपनीयता राहते आणि उद्या चौकशी आली तर दाखवायला नोंदही असते. नोंदवहीतली वेळ आणि राउटरचं घड्याळ जुळलेलं ठेवा. राउटर रिस्टार्ट झाला की बऱ्याच स्वस्त मॉडेलांचं घड्याळ जुन्या तारखेवर जातं आणि लॉगही मेमरीतच असल्यामुळे पुसला जातो. गोव्यात पावसाळ्यात वीज जाते-येते, त्यामुळे लॉग बाहेर संगणकावर पाठवायची सोय असलेला राउटर घ्या, आणि त्याला छोटा यूपीएस लावा.

फोंडा_सिस्टिम्स

पणजी_लॉग यांचा मुद्दा मान्य, फक्त एक भर. क्रोमच्या किंवा फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधायची चौकशी लपवून पाठवायची सोय) बाहेरच्या सेवेकडे वळवलेलं असेल तर राउटरच्या डीएनएस लॉगमध्ये काहीच येणार नाही. नोंद रिकामी दिसली तर आधी तिथे बघा.

कळंगुट_होमस्टे

याच धाग्यात विचारतो. खोल्यांचा वायफाय पाहुणे वापरतात. त्यांनी इन्कॉग्निटो लावलं तर मालकाला काही दिसत नाही, असं पाहुणेच एकमेकांना सांगतात. खरं काय?

फोंडा_सिस्टिम्स

इन्कॉग्निटोचा वायफायशी काही संबंध नाही. साधी विंडो असो की खासगी, तारेवरून जाणारी माहिती तीच. आजकाल जवळजवळ सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर (माहिती कुलूपबंद करून पाठवणाऱ्या जोडणीवर) असल्याने मालकाला पान, शोध, पासवर्ड दिसत नाही. कुठल्या डोमेनला जोडणी झाली, कधी, किती डेटा गेला-आला, हे दिसू शकतं. डीएनएस लपवला तरी जोडणी सुरू होताना डोमेनचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर कंपनीचं सुरक्षा प्रमाणपत्र बसवलेलं असेल तर कंपनीचा प्रॉक्सी पानातला मजकूरही वाचू शकतो, तिथे खासगी विंडो कामाची नाही. आणि संगणकात कीलॉगर असेल तर तो दाबलेली प्रत्येक कळ टिपतो, मोड कुठलाही असो. म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर बँकेचं काम करूच नये, हे गिऱ्हाइकांनाही मी तोंडावर सांगतो.

समोरच्या संकेतस्थळालाही तुमचा आयपी पत्ता दिसतोच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर सामूहिक दावा झाला. २०२४ मध्ये तडजोड होऊन गूगलने इन्कॉग्निटोतल्या वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं, आणि इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारा मजकूरही बदलला. आता त्यात स्पष्ट लिहिलंय की संकेतस्थळं आणि गूगलसकट त्यांनी वापरलेल्या सेवा माहिती कशी गोळा करतात, यात या मोडने फरक पडत नाही. ते पान कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

मोपा_दाबोळी

इन्कॉग्निटोत विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं, हेही जाता जाता निकालात काढा. आमच्याकडे चतुर्थीआधी प्रत्येक चाकरमानी हेच विचारतो.

सत्तरी_वाळपई

भाव हलतो तो त्या दराच्या किती जागा उरल्या त्यावर. पाच मिनिटांनी इन्कॉग्निटोत कमी दिसला तर कोणाची तरी अडकवून ठेवलेली सीट सुटली असेल. खासगी विंडोत एक मात्र होतं, विमान कंपनीच्या खात्यात लॉगिन नसल्याने सभासदांची सवलत दिसत नाही.

काउंटर_डिचोली

सर्वांना देव बरें करूं. प्रिंटरच्या रांगेत खरंच ढीग निघाला, खूण काढली. मराठी फोनेटिक कीबोर्ड बसला. दोन शंका उरल्या. गेस्टचा शॉर्टकट करताना 'टार्गेट चौकटीतलं नाव वैध नाही' असा संदेश येतो. आणि ईमेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की ती दुकानाच्या प्रोफाइलमध्येच उघडते.

सत्तरी_वाळपई

टार्गेटमध्ये आधीचा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत असतो. तुम्ही रेघा आणि गेस्ट हा शब्द बहुधा शेवटच्या चिन्हाच्या आत लिहिलाय, किंवा चिन्हानंतर स्पेस सुटलेली नाही. चिन्ह, मग एक स्पेस, मग दोन साध्या आडव्या रेघा. मोबाइलवरून किंवा वर्डमधून कॉपी केलं तर दोन रेघांची एक लांब रेघ होते आणि मग क्रोम ती ओळखत नाही, म्हणून हातानेच टाइप करा.

लिंकचं असं आहे: बाहेरच्या प्रोग्रॅममधून उघडलेली लिंक शॉर्टकटची पर्वा करत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे लिंक कॉपी करून गेस्ट विंडोत पेस्ट करायची. कायमचा हवा असेल तर गिऱ्हाइकांच्या दोन संगणकांवर धोरणच लावा. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जा. गूगल आणि क्रोम हे फोल्डर नसतील तर तयार करा. तिथे ३२ बिटांची डीवर्ड किंमत करायची. तिचं नाव ब्राउझर, गेस्ट, मोड, एन्फोर्स्ड हे चार इंग्रजी शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये स्पेस नाही. किंमत १. क्रोम पूर्ण बंद करून उघडा, मग कुठूनही लिंक आली तरी गेस्टमध्येच जाईल. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी टाइप केलं की धोरण लागलं की नाही ते दिसतं. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा.

तिसऱ्या, तुमच्या स्वतःच्या संगणकावर हे लावू नका. लावलंत तर दुकानाचं जीमेल रोज सकाळी नव्याने लॉगिन करावं लागेल.

म्हापसा_हार्डवेअर

आणि त्या दोन संगणकांवर विंडोजचं वेगळं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं खातं करून गिऱ्हाइकांना त्यातच बसवा. नाहीतर एखादं पोरगं हेच रजिस्ट्रीचं धोरण दोन मिनिटांत काढून टाकेल. पेनड्राइव्हवरून फॉर्म आणणारे खूप असतील तर ऑटोप्लेही बंद करा.